वृद्धाश्रमातील रहिवासी परिषद

वृद्धाश्रमात किंवा दीर्घकालीन शुश्रूषा देणाऱ्या निवासी संस्थेत राहणाऱ्या व्यक्तींनी आपले हक्क, दैनंदिन सोयी आणि शुश्रूषेचा दर्जा यांविषयी एकत्रितपणे मत मांडण्यासाठी स्थापन केलेल्या मंडळास रहिवासी परिषद असे म्हणतात. अमेरिका, जर्मनी आदी देशांत अशा मंडळांना कायद्याचा आधार आहे. भारतात ज्येष्ठ नागरिकांच्या संघटना मोठ्या संख्येने आहेत. मात्र वृद्धाश्रमाच्या अंतर्गत कारभारात रहिवाशांना सामूहिक प्रतिनिधित्व देणारी तरतूद ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात नाही.

संज्ञा

पाश्चात्त्य देशांत ‘नर्सिंग होम’ म्हणजे वृद्ध व परावलंबी व्यक्तींची दीर्घकालीन निवासी संस्था. महाराष्ट्रात मात्र हा शब्द खासगी लहान रुग्णालयासाठी रूढ आहे. अशा रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार होते. वृद्धांच्या निवासी संस्थांसाठी मराठीत ‘वृद्धाश्रम’ हा शब्द वापरला जातो.

आवश्यकता

वृद्धाश्रमातील रहिवाशाचे जेवण, औषधे, स्नान, झोपेच्या वेळा आणि नातेवाइकांच्या भेटी या सर्व गोष्टी एकाच संस्थेच्या हाती असतात. ज्यांच्यावर रोजची सेवा अवलंबून आहे त्यांच्याविरुद्धच तक्रार करणे एकट्या रहिवाशाला अवघड जाते. सशुल्क संस्थेत व्यवस्थापनाशी व्यवहार बहुधा शुल्क भरणारे नातेवाईक करतात, तर निःशुल्क संस्थेत तक्रार म्हणजे कृतघ्नता समजली जाण्याची भीती असते. सामूहिक मागणीमुळे कोणा एका व्यक्तीवर रोष ओढवण्याची शक्यता कमी होते. वैयक्तिक वाटणारी अडचण अनेकांची असल्याचेही त्यातून स्पष्ट होते.

कार्यपद्धती

परिषदेचे सदस्य व अध्यक्ष सामान्यतः रहिवासीच निवडतात. ठरावीक काळाने बैठक होते व तिचे इतिवृत्त ठेवले जाते. आहार, स्वच्छता, रात्रपाळीतील कर्मचारी, खोलीतील खासगीपणा, शुल्कवाढ आणि करमणुकीची साधने हे बैठकीतील नेहमीचे विषय असतात. अंथरुणास खिळलेल्या रहिवाशांचे म्हणणे सदस्य त्यांच्या खाटेपाशी जाऊन घेऊ शकतात. काही संस्थांत नातेवाइकांची स्वतंत्र कुटुंब परिषदही असते.

इतिहास

जर्मनीत १९७४ च्या निवासी संस्थाविषयक कायद्याने आणि १९७६ च्या नियमांनी रहिवाशांच्या निर्वाचित सल्लागार मंडळाची पद्धत घालून दिली. २००६ च्या घटनादुरुस्तीनंतर हा विषय तेथील घटक राज्यांकडे गेला.

अमेरिकेत १९७० मध्ये मॅगी कुन यांनी ‘ग्रे पँथर्स’ ही वृद्धांची चळवळ सुरू केली. १९७५ मध्ये एल्मा होल्डर यांच्या पुढाकाराने शुश्रूषागृहांच्या सुधारणेसाठी नागरिकांची राष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. या आघाडीने १९८५ मध्ये १५ शहरांतील चारशेहून अधिक रहिवाशांशी चर्चा करून ‘चांगली शुश्रूषा म्हणजे काय’ हे त्यांच्याच शब्दांत नोंदवले. कर्मचाऱ्यांची वागणूक आणि रोजच्या जीवनात निवडीचे स्वातंत्र्य यांना रहिवाशांनी मोठे महत्त्व दिले होते. त्यानंतर १९८७ च्या सुधारणा कायद्याने रहिवाशांना गट स्थापन करण्याचा हक्क मिळाला. त्यानुसार संस्थेने बैठकीसाठी खासगी जागा द्यावी लागते आणि गटाच्या तक्रारी व शिफारशींची दखल घ्यावी लागते. निमंत्रणाशिवाय कर्मचाऱ्यांना बैठकीस बसता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर १९९१ रोजी वृद्धांविषयीची १८ तत्त्वे स्वीकारली. वृद्धांना संघटना स्थापन करता यावी आणि निवासी संस्थेत राहतानाही त्यांचे मानवी हक्क, प्रतिष्ठा व खासगीपणा अबाधित राहावा, असे त्यांत नमूद आहे.

भारतातील स्थिती

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) नुसार नागरिकांना संघटना स्थापन करण्याचा हक्क आहे. अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्यातील लोकसाहाय्याचा उल्लेख आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, असे म्हटले आहे. तथापि ही तरतूद राज्य शासनावर बंधनकारक स्वरूपाची नाही. वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना व सेवांची मानके ठरवण्याचा अधिकारही राज्य शासनास आहे.

या कायद्याचा मुख्य रोख अपत्ये व नातेवाईक यांच्याकडून मिळावयाच्या चरितार्थावर आहे. कलम ५ नुसार ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. ती असमर्थ असल्यास तिने प्राधिकृत केलेली अन्य व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. महाराष्ट्रात हे अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे चालतात. उदाहरणार्थ, जालना शहराच्या मस्तगड भागातील ज्येष्ठ व्यक्तीस जालना उपविभागाकडे अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अर्ज निकाली काढणे अपेक्षित असून अपवादात्मक स्थितीत ३० दिवसांची वाढ मिळते. निर्णयाविरुद्ध ज्येष्ठ व्यक्तीस ६० दिवसांत अपील करता येते. मात्र हा मार्ग अपत्ये व नातेवाईक यांच्याविरुद्धचा आहे. वृद्धाश्रमातील आहार किंवा शुश्रूषेविषयीच्या तक्रारी त्यात बसत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने डॉ. अश्वनी कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १३ डिसेंबर २०१८ रोजी निर्णय देताना प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची माहिती राज्यांकडून मिळवण्याचे निर्देश केंद्र शासनाला दिले. वृद्धाश्रमांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद असलेले सुधारणा विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु ते संमत न होताच सतराव्या लोकसभेची मुदत संपली.

महाराष्ट्रातील संघटन

महाराष्ट्रात शहरे व गावांतून ज्येष्ठ नागरिक संघ कार्यरत आहेत. ‘फेस्कॉम’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा महासंघ ही त्यांची राज्यस्तरीय संघटना आहे. निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा, प्रवास सवलत आणि ज्येष्ठ नागरिक धोरणाची अंमलबजावणी हे या चळवळीचे प्रमुख विषय राहिले आहेत. हे संघ मुख्यतः आपल्या घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचे आहेत. वृद्धाश्रमातील रहिवाशांना बैठकीस बाहेर जाणे प्रकृती, वाहन व परवानगी या कारणांनी कठीण होते. त्यामुळे जवळच्या संघाने वृद्धाश्रमाशी नियमित संपर्क ठेवणे, हा त्यांचे म्हणणे बाहेर पोहोचण्याचा एक व्यवहार्य मार्ग ठरतो. ज्येष्ठांना १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही माहिती व साहाय्य मिळते.

मर्यादा

आजारपण, स्मृतिभ्रंश, श्रवणदोष आणि सदस्यांचे निधन यांमुळे परिषदेचे काम खंडित होते. काही वेळा व्यवस्थापनच विषय ठरवते व परिषद नाममात्र उरते. कर्मचाऱ्यांची कमतरता किंवा अपुरा निधी यांवर परिषद स्वतः उपाय करू शकत नाही. कायदेशीर मान्यता व बाह्य तपासणी नसल्यास तिच्या शिफारशी मान्य करणे न करणे सर्वस्वी संस्थाचालकांवर अवलंबून राहते.