संत निकोलस आणि तीन बहिणींचा हुंडा

नाताळ आला की बाजारात लाल डगल्यातला, पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज दिसतो. ते नाव ज्याच्यावरून पडलं, तो संत निकोलस. आजच्या तुर्कस्तानात, समुद्रकाठी मायरा नावाचं शहर होतं, तिथला तो चौथ्या शतकातला बिशप. डच लोक त्याला सिंटरक्लास म्हणत, त्याचंच पुढे सांताक्लॉज झालं.

इजिप्तमध्ये सिनाई डोंगराच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे. तिथे निकोलसचं तेराव्या शतकातलं एक चित्र आहे. मधे संत, आणि चारी बाजूंनी छोट्या छोट्या चौकटींत त्याच्या आयुष्यातले प्रसंग. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही गोष्ट कळावी! अशी चित्रं लाकडी फळीवर काढत. आधी पांढरा लेप, मग सोन्याचा वर्ख, आणि रंग कालवायचे अंड्याच्या पिवळ्या बलकात. वाळलेला बलक भांड्यावरून निघता निघत नाही हे आपल्याला ठाऊकच आहे, रंग टिकले यात नवल नाही.

त्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट मात्र आपल्या ओळखीची वाटेल. एका माणसाची परिस्थिती पार खालावली. घरात तीन लग्नाच्या मुली, हुंड्याला पैसा नाही. शेवटी त्याने पोरींना देहविक्रयाला लावायचं ठरवलं. निकोलस तेव्हा तरुण होता, आईबापामागे बरीच संपत्ती त्याच्याकडे आलेली. रात्री गुपचूप त्याने खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. थोरलीचं लग्न झालं. मग दुसरी थैली, दुसरीचं लग्न. तिसऱ्या वेळी बाप जागाच राहिला, धावत जाऊन त्याने निकोलसला गाठलं आणि पाय धरले. निकोलस म्हणाला, मी जिवंत आहे तोवर कोणाला सांगू नकोस.

युरोपातल्या चित्रांत पुढे त्या थैल्यांचे तीन सोन्याचे गोळे झाले. गंमत म्हणजे तिकडे गहाणवट ठेवणाऱ्या सावकारांच्या दुकानावर तीन गोळ्यांचीच खूण असते, आणि तेही निकोलसला आपला संत मानतात. त्याने तर एक नाणंही परत मागितलं नव्हतं!

आमच्या गटाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. सगळ्या गप्प झाल्या. मग एक काकू म्हणाल्या, "पोरींची नावं काय होती गं?"

गोष्टीत ती नाहीत. निकोलसचं आहे, त्याच्या गावाचं आहे. तिघी बहिणी नुसत्या थोरली, मधली, धाकटी.