उपजत मृत्यू व गर्भपात : नोंद, रजा व साहाय्य (भारत)

उपजत मृत्यू व गर्भपात यांची दखल भारतात मुख्यतः दोन कायद्यांनी घेतली : जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 आणि प्रसूती लाभ अधिनियम, 1961. दोन्हींतील आठवड्यांचा हिशेब मात्र जुळत नाही.

नोंदणी : 1969 च्या अधिनियमातील ‘जन्म’ या व्याख्येत जिवंत जन्माबरोबर उपजत मृत्यूही येतो. त्यासाठी गर्भ किमान 28 आठवड्यांचा असावा लागतो. 21 दिवसांत निबंधकाला खबर द्यावयाची असते. प्रसूती दवाखान्यात झाल्यास ही जबाबदारी दवाखान्याची, घरी झाल्यास कुटुंबप्रमुखाची. नमुना 3 मध्ये तारीख, लिंग, मातापित्यांची नावे, प्रसूतीचे ठिकाण, मातेचे वय व शिक्षण, गर्भाचे आठवडे आणि माहीत असल्यास मृत्यूचे कारण भरतात. जन्माच्या नमुन्यात बाळाच्या नावाचा रकाना असतो. यात तो नाही. 28 आठवड्यांपूर्वी गर्भ गेल्यास या नोंदवहीत काहीच चढत नाही.

रजा : 1961 च्या अधिनियमात 26 व्या आठवड्याअखेरपर्यंतची घटना ‘गर्भपात’ ठरत असे आणि तिच्यासाठी पुरावा दिल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळत असे. कायदेशीर वैद्यकीय गर्भपातालाही ती लागू होती. गर्भपातामुळे आजारपण आल्यास आणखी एक महिना मिळू शकत असे. 26 व्या आठवड्यापुढची घटना प्रसूती धरली जात असे, कारण ‘मूल’ या व्याख्येत उपजत मृत मूलही येत असे. परिणामी 27 व्या आठवड्यातील घटना रजेच्या लेखी प्रसूती, तर नोंदणीच्या लेखी काहीच नाही. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा 12 वरून 26 आठवडे झाली (हयात मुले दोन वा अधिक असल्यास 12 च). गर्भपाताचे सहा आठवडे जसेच्या तसे राहिले. नोव्हेंबर 2025 पासून या अधिनियमाची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही तीच मुदत आहे. गर्भपातानंतर पतीला रजा देण्याची तरतूद दोन्हींत नाही.

केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना गर्भपातासाठी संपूर्ण सेवेत मिळून 45 दिवस मिळतात. एकाहून अधिक वेळा प्रसंग ओढवल्यास ही मर्यादा तोकडी पडते. 2 सप्टेंबर 2022 च्या आदेशाने उपजत मृत्यू किंवा जन्मानंतर 28 दिवसांत झालेल्या बालमृत्यूसाठी 60 दिवसांची विशेष प्रसूतिरजा दिली. हयात मुले दोनपेक्षा कमी असणे आणि प्रसूती मान्यताप्राप्त रुग्णालयात होणे या तिच्या अटी. मृत्यूपूर्वी प्रसूतिरजा सुरू झाली असल्यास तोवरचे दिवस शिल्लक रजेत वळवता येतात व 60 दिवस मृत्यूच्या तारखेपासून धरतात.

आर्थिक साहाय्य : प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत 2017 च्या सूचनांनुसार गर्भ गेल्यास उरलेले हप्तेच पुढच्या गरोदरपणात मिळत. 2022 च्या सूचनांनी अशा स्त्रीला पुढच्या वेळी नवी लाभार्थी मानले.

समुपदेशन : वरील दोन्ही अधिनियमांत तरतूद नाही.

अन्यत्र : न्यूझीलंडने 2021 मध्ये गर्भपातानंतर दोन्ही पालकांना तीन दिवसांची पगारी रजा दिली. इंग्लंडमध्ये 24 आठवड्यांपूर्वी गमावलेल्या गर्भासाठी 2024 पासून ऐच्छिक प्रमाणपत्र मिळते.