धार्मिक शिक्षण, सरकारी शाळांतील (भारत)

सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म शिकवावा की नाही, शिकवायचा तर श्रद्धा म्हणून की अभ्यासविषय म्हणून, आणि शाळेतील प्रार्थना-पूजेत सहभागी होण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येते का, या तीन प्रश्नांवरचा वाद. भारतात त्याची घटनात्मक चौकट संविधानाच्या अनुच्छेद 28 ने आखली आहे. वाद मात्र संविधानाहून जुना असून त्याची मुळे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणात सापडतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : 1813 च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना भारतात काम करण्याची वाट मोकळी झाली आणि शाळेतून धर्मप्रसार होणार, ही धास्ती लोकांत पसरली. 1854 च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण निखळ लौकिक राहील असे ठरवले. तरी त्यात एक फट होती. सरकारी शाळांच्या ग्रंथालयांत बायबल ठेवलेले असे आणि विद्यार्थ्याने आपण होऊन विचारले, तर शाळेच्या वेळेबाहेर शिक्षकाने ख्रिस्ती धर्माविषयी समजावून सांगण्यास हरकत नव्हती. याच खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत घातली. अनुदान देताना लौकिक शिक्षणाचा दर्जा पाहायचा, शाळेत कोणता धर्म शिकवतात याची चौकशी करायची नाही, असे सूत्र होते. सरकारी शाळा आणि अनुदानित शाळा यांना वेगवेगळे नियम लावण्याची आजची रीत इथूनच आली.

1882 च्या हंटर आयोगाने सर्व धर्मांना समान अशा तत्त्वांवर आधारलेले एक नीतिपाठ्यपुस्तक तयार करण्याची शिफारस केली. आयोगाचे सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तिला भिन्नमतपत्रिका जोडून विरोध केला. 1937 मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या योजनेतही धर्मशिक्षणाला जागा नव्हती. धर्म आज ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात, त्यातून ऐक्यापेक्षा तंटेच वाढतात, असे कारण महात्मा गांधींनी दिले. सर्व धर्मांतील समान सत्ये मात्र मुलांना शिकवावीत, असे त्यांचे मत होते.

संविधान सभेतील चर्चा : 7 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. सरकारी शाळेत धर्मशिक्षणाची मुभा असावी, असे काही सदस्यांचे म्हणणे होते. अनुदानित शाळांतही ते नसावे, असा आग्रह इतर काहींनी धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उत्तरात तीन मुद्दे मांडले. एखाद्या धर्मासाठी कराचा पैसा वापरायचा नाही, हे तत्त्व सभेने आधीच मान्य केले होते. एका शाळेत अनेक धर्मांची मुले असताना प्रत्येकाच्या धर्मशिक्षणाची सोय करणे राज्याला झेपणारे नव्हते. शिवाय मोक्षाचा मार्ग आपल्यापाशीच आहे, असा दावा धर्म परस्परांविरुद्ध करत असताना तो वाद वर्गात आणणे म्हणजे शाळेची शांतता घालवणे होय. संस्कृत महाविद्यालयांचे काय, या प्रश्नावर त्यांनी केलेला खुलासा पुढे न्यायालयांनाही मार्गदर्शक ठरला : धर्ममतांचा उपदेश वेगळा आणि धर्माचा अभ्यास व संशोधन वेगळे; मनाई पहिल्याला आहे, दुसऱ्याला नाही.

अनुच्छेद 28 : या अनुच्छेदात शाळांचे प्रकार पाडले आहेत. संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेच्या व महानगरपालिकेच्या शाळा आणि केंद्रीय विद्यालये या वर्गात मोडतात. एखाद्या दाननिधीने वा न्यासाने धर्मशिक्षणाच्या अटीवर स्थापन केलेली संस्था राज्य चालवत असेल, तर तिला ही मनाई लागू नाही. तिसरा प्रकार राज्याची मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थांचा. त्यांना धर्मशिक्षण देता येते. पण विद्यार्थ्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, त्याला धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खाजगी अनुदानित संस्था उचलतात. त्यामुळे येथील बहुसंख्य किशोरवयीन मुलांच्या बाबतीत संपूर्ण मनाईपेक्षा संमतीची ही अटच अधिक महत्त्वाची आहे.

आयोग व समित्या : राधाकृष्णन आयोगाने (1948-49) मौन चिंतनाने दिवसाची सुरुवात, धर्मसंस्थापकांची चरित्रे आणि धर्मग्रंथांतील सार्वत्रिक स्वरूपाचे उतारे सुचवले. मुदलियार आयोगाने (1952-53) धर्मशिक्षण ऐच्छिक आणि शाळेच्या वेळेबाहेर असावे, असे म्हटले. मुंबई राज्याचे तत्कालीन राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नैतिक व आध्यात्मिक मूल्यांच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. कोठारी आयोगाने (1964-66) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण असा स्पष्ट भेद करून बहुधर्मी देशातील राज्याने दुसऱ्याचीच कास धरावी, असे सांगितले. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने 1999 मध्ये मूल्यशिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम व अहिंसा ही पंचमूल्ये आणि सर्व धर्मांची मूलभूत ओळख यांवर त्यात भर होता. त्याचे पडसाद 2000 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात उमटले.

न्यायालयीन निवाडे : डी.ए.व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य (1971) या खटल्यात गुरू नानकांचे जीवन व शिकवण यांचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. 2000 च्या आराखड्याला आव्हान देणाऱ्या अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यातही 12 सप्टेंबर 2002 रोजी न्यायालयाने हाच भेद मान्य केला आणि आव्हान फेटाळले. धर्मांची माहिती देण्याच्या नावाखाली मतारोपण होऊ नये, हा इशाराही त्या निकालात आहे.

सक्तीच्या प्रश्नावर बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य (1986) हा निवाडा पायाभूत आहे. यहोवाज विटनेसेस पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांनी कधी गडबड केली नव्हती की कोणाचा अवमान केला नव्हता. तरी 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द ठरवली. प्रामाणिक श्रद्धेपोटी राखलेले मौन हा त्या मुलांचा हक्क आहे, असा या निकालाचा आशय आहे. प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये निकाल दिला.

केंद्रीय विद्यालयांतील सकाळच्या सामूहिक प्रार्थनेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. डोळे मिटून, हात जोडून म्हणायची संस्कृत प्रार्थना हे धर्मशिक्षण आहे की संस्कार, यावरील याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये घटनापीठाकडे पाठवण्याचा आदेश दिला. कर्नाटकातील हिजाबबंदी तेथील उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 रोजी वैध ठरवली. सर्वोच्च न्यायालयात 13 ऑक्टोबर 2022 रोजी दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरोधी पडली.

अन्य देश : अमेरिकेत 1962 च्या एंगल विरुद्ध विटाली या निकालाने सार्वजनिक शाळेतील सरकारपुरस्कृत प्रार्थना घटनाबाह्य ठरली. न्यूयॉर्कमधील ती प्रार्थना कोणत्याही एका पंथाची नव्हती आणि मुलांना गप्प राहण्याची मोकळीक होती. तरीही न्यायालयाने ती अमान्य केली. फ्रान्सने 2004 मध्ये सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हे वापरण्यास बंदी घातली. जर्मनीच्या घटनेनुसार धर्म हा बहुतेक सरकारी शाळांत नियमित विषय आहे. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत रोजची सामूहिक उपासना कायद्याने विहित असून आपल्या पाल्याला त्यातून वगळून घेण्याचा अधिकार पालकांना आहे.

मूल्यमापन : धर्मांविषयीच्या शिक्षणाचे समर्थक म्हणतात, की वारी, मोहरम, नाताळ, पर्युषण किंवा धम्मचक्रप्रवर्तन दिन यांचा अर्थ ठाऊक नसलेले मूल आपल्या शेजाऱ्याला ओळखू शकत नाही. हे म्हणणे खरे आहे. संतसाहित्य, सुफी परंपरा, बौद्ध लेणी वा सत्यशोधक चळवळ धर्माचा उल्लेख टाळून शिकवताच येणार नाही. विरोधकांची भीतीही तितकीच खरी आहे : पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याचा आणि ते शिकवणाऱ्याचा कल वर्गात उतरतो, बहुसंख्याकांची रीत सर्वांची संस्कृती म्हणून पुढे येते आणि अल्पसंख्य, आदिवासी व निरीश्वरवादी घरांतील मुले त्याच वर्गात परकी होतात.

या वादाचा कस परिपाठाच्या रांगेत लागतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा यांच्याबरोबर प्रार्थना होते. सरस्वतीपूजनाच्या दिवशी पाटीवर फुले वाहिली जातात. चौथीतील मुलाने सर्वांदेखत, गुरुजींसमोर ‘मी हात जोडणार नाही’ म्हणावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. इंग्लंडमध्ये सूट पालकाने मागावी लागते. भारतीय संविधानाने मात्र संमती आधी घ्यायला सांगितली आहे. ती घेण्याचे कर्तव्य शाळेचे आहे, नकार देण्याचा भार मुलावर नाही. प्रत्यक्षात बहुतेक शाळा गप्प राहणे हीच संमती धरून चालतात आणि अनुच्छेद 28 मधील सर्वांत मोलाचे संरक्षण असे कागदावरच राहते. सरकारी शाळेने सर्व धर्मांची ओळख इतिहास व समाजशास्त्राच्या शिस्तीने करून द्यावी, उपासना घरावर सोपवावी आणि अनुदानित शाळेने प्रवेशाच्या वेळीच पालकांची लेखी संमती घ्यावी; एवढे झाले तरी या वादातील बराचसा भाग मिटण्यासारखा आहे.