जागा आणि नोंद



धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. देवासला तर एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पाती नांदत होत्या. त्या काळचे मोडी कागद जुन्या घरांतून आजही निघतात. माझा एक विद्यार्थी अशा कागदांची छायाचित्रे संगणकात साठवीत होता. मोडीच्या अभ्यासासाठी त्याने पानांतील एकेक शब्द कापून त्याचे स्वतंत्र चित्र केले. एके दिवशी यंत्राने बजावले, जागा शिल्लक नाही! पाहावे तो चकतीचा पाऊण भाग रिकामा. बारीकसारीक चिठ्ठ्या आणि पावत्या काढून टाकाव्यात, असे त्याच्या मनात आले. मी त्याला थांबविले. पुढे त्यानेच शोधून काढलेले कारण आज आपल्यापुढे मांडतो.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या संगणकप्रणालीचा पाया घातला. त्यांनी मजकूर आणि मजकुराची नोंद वेगळी ठेवली. या नोंदीस ‘आयनोड’ म्हणतात. फाइल कोणाची, केवढी, केव्हा बदलली आणि तिचा मजकूर चकतीवर कोठे आहे, हे तीत असते. नाव मात्र तीत नसते. ते निराळ्या यादीत, नोंदीच्या क्रमांकासह लिहिलेले असते. म्हणून एकाच नोंदीस दोन नावे देता येतात. देवासच्या दोन्ही पातींनी एकच कागद आपापल्या यादीत मांडावा, तसेच हे.

परंतु नोंदवहीची पाने किती, हे चकतीची मांडणी करतानाच ठरते. लिनक्समधील ‘एक्स्ट-फोर’ पद्धतीत सामान्यतः दर १६ किलोबाइटांस एक नोंद मिळते. १६० गिगाबाइटांच्या चकतीवर अशा सुमारे १ कोटी ५ लाख नोंदी होतात. प्रत्येक फाइल ४ किलोबाइटांचीच असेल, तर ४० गिगाबाइट भरताच वही संपते. उरलेले १२० गिगाबाइट असून नसल्यासारखे! यंत्र मात्र दोन्ही प्रसंगी जागा संपल्याचेच सांगते. ‘डीएफ’ या आज्ञेस ‘आय’चा पर्याय जोडला, म्हणजे खरा हिशेब दिसतो.

यावर उपाय आपल्या दफ्तरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. सुटे कागद रुमालात बांधीत असत. १९७९च्या युनिक्समध्ये आलेली ‘टार’ ही आज्ञा हेच करते. हजारो फाइलींची एक फाइल होते आणि तिला एकच नोंद पुरते. मात्र रुमालात काय आहे याची यादी वर हवी. नाहीतर एका चिठ्ठीसाठी सारा रुमाल सोडावा लागतो. पुढे ‘एक्सएफएस’सारख्या पद्धती आल्या. त्या गरजेप्रमाणे नोंदी वाढवितात. ‘एक्स्ट-फोर’मध्ये नोंदींचे प्रमाण बदलायचे, तर सर्व सामान दुसरीकडे हलवून चकती नव्याने मांडावी लागते.

माझ्या विद्यार्थ्याने शब्दचित्रांचे रुमाल बांधले, चिठ्ठ्या वाचल्या. संकट आले की सर्वांत लहान कागदावर प्रथम कुऱ्हाड पडते, आणि सामान्य माणसाचा इतिहास बहुधा त्याच कागदात असतो. गाळण्यापूर्वी जागा संपली की नोंद संपली, एवढे अवश्य तपासावे.