आगरकर : दोन प्रकारचे धैर्य

गोपाळ गणेश आगरकर हे नाव आपण पुण्याच्या खात्यावर मांडतो. पण कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेला हा गरीब मुलगा शिकला तो अकोल्यास, १८७५ साली मॅट्रिक झाला तो अकोल्याहून, आणि 'वऱ्हाडसमाचारा'त लिहू लागला तोही तेथेच. तेव्हा या संपादकावर वऱ्हाडचाही थोडा हक्क आहे.

१८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला व आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे या समजुतीने 'केसरी' व 'मराठा' यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर लिहिले. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. खटल्याच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेट उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन भरला होता. डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी दोघे सुटले, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

पुढे त्याच पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. असे काय घडले? सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी मतभेद वाढले, तेव्हा मनाला न पटणारे धोरण आपल्या लेखणीने चालवण्यापेक्षा १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला. १८८८ साली स्वतःचा 'सुधारक' काढला. तो मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण यांवर आगरकरांनी आडपडदा न ठेवता लिहिले. मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर नेणारा १८९१ चा कायदा आला, तेव्हा त्यांनी त्याची बाजू घेतली. हा रोष सरकारचा नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा होता, वाचकांचा होता.

जिनप्रेसच्या कामगारांत आयुष्य घालवलेल्या आम्हांला हा फरक चांगला ठाऊक आहे. संपाच्या सभेत मालकावर तोंडसुख घेतले की टाळ्या पडतात. पण पाण्याचा माठ सर्व जातींना एकच असावा, बाईला पुरुषाइतकी मजुरी मिळावी, असे म्हटले की मागच्या रांगांतून कुजबुज सुरू होते. पहिल्या बोलण्याला धैर्य लागते, दुसऱ्याला त्याहून अधिक लागते. कारण तेथे पाठीशी कोणी नसते.

फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच, १७ जून १८९५ रोजी, दम्याने जर्जर झालेले आगरकर वारले. वय चाळिशीच्या आतच. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते.

सरकारला न भिणाऱ्या संपादकाची आपण पाठ थोपटतो, ते योग्यच आहे. पण जो आपल्यालाच चार कडू शब्द सुनावतो, त्याचे पत्र दुसऱ्या दिवशी आपण बंद करतो की पुन्हा विकत घेतो? आगरकरांचे ऋण फेडायचे असेल, तर या प्रश्नाचे उत्तर आम्ही-तुम्ही वाचकांनी दिले पाहिजे.