ठाण्याचें एक घर आणि दूरचे गुरु

माजिवड्याच्या नाक्यावर घोडबंदरचा रस्ता मुंबई-नाशिक महामार्गास येऊन मिळतो. तेथून जवळच एका उंच इमारतींत आमचे एक ख्रिस्ती स्नेही राहतात. आठवड्यांतून एकदां, रात्रीं जेवणें आटोपल्यावर, ते खोलीचें दार लावून घेतात आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परदेशांतील एका उपदेशकासमोर बसतात. प्रपंचांतील पुरुषानें राग कसा आवरावा, प्रार्थनेंत मन कसें स्थिर करावें, पित्याचें व पतीचें कर्तव्य कसें पार पाडावें, असे विषय तेथें निघतात. या मार्गदर्शनाबद्दल ठराविक शुल्क द्यावें लागतें. "मनांतलें असें कोणापुढें बोलण्याची आम्हां पुरुषांना संवयच नाहीं," असें ते आम्हांस म्हणाले, व त्यांत पुष्कळ तथ्य आहे. परंतु त्याच वेळीं चहा घेऊन आलेल्या वहिनी हंसत म्हणाल्या, "त्या गुरूंना एकदां आमचें स्वयंपाकघर दाखवा म्हणावें."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. कारण ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासांतील अगदीं जुना असा जो ठळक प्रसंग आम्हांस ठाऊक आहे, तो एका घरांतील नवराबायकोच्या भांडणापासूनच सुरू होतो.

तो प्रसंग 1321 सालच्या एप्रिलांतला. फ्रान्सिस्कन पंथाचे चौघे जण, तोलेन्तीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाष्याचें काम करणारा दिमेत्रियस, होर्मुझहून जहाजानें निघाले होते. त्यांना जावयाचें होतें कोल्लमकडे. वाऱ्यानें त्यांस ठाण्याच्या बंदरास आणून सोडलें. त्यांच्याबरोबर डोमिनिकन पंथाचा जॉर्डन हाहि होता. त्या काळीं ठाण्यास नेस्टोरियन पंथाच्या, म्हणजे पूर्वेकडील जुन्या ख्रिस्ती संप्रदायाच्या, लोकांचीं पंधरा घरें होतीं, असें ओदोरिक या प्रवाशानें नमूद केलें आहे. त्यांतील एका घरीं हे पाहुणे उतरले. एके दिवशीं यजमानाचें व त्याच्या पत्नीचें भांडण झालें आणि त्यानें तिला मारलें. ती बाई गप्प बसणारी नव्हती. ती सरळ काजीकडे गेली. पुरावा काय, असें काजीनें विचारतां तिनें घरीं उतरलेल्या परदेशी साधूंचें नांव सांगितलें. सामान राखण्यास पीटर मागें राहिला व बाकीचे तिघे काजीपुढें गेले. तेथें जमलेल्या मंडळींनीं मारहाणीची गोष्ट बाजूस सारून धर्माचा वाद काढला. तो विकोपास गेला आणि थोड्याच दिवसांत चौघांचाहि वध झाला. पुढें दिल्लीच्या सुलतानानें ठाण्याच्या अधिकाऱ्यास त्याबद्दल कठोर शासन केलें, असेंहि ओदोरिक सांगतो.

या चौघांचें स्मरण रोमन चर्चनें जतन केलें आहे, आणि तें योग्यच आहे. पण आमची दृष्टि राहून राहून त्या फिर्यादी बाईकडे जाते. जी गोष्ट सांगण्यास साक्षीदार बोलाविले, ती गोष्ट कोणीं पुढें विचारलीच नाहीं. यजमानाचें पुढें काय झालें? पाहुण्यांनीं त्याच्याच घरीं अन्न घेतलें होतें. त्या रात्रीं त्यांनीं त्यास चार शब्द सुनावले कीं नाहीं? बखरकारांना या प्रश्नांचें महत्त्व वाटलें नसावें. हुतात्म्यांच्या कथेंत बायकोचा मार ही केवळ नांदी ठरली.

जॉर्डन त्या वेळीं भडोचच्या वाटेवर होता, म्हणून वांचला. बातमी कळतांच तो परतला आणि त्यानें सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. त्या अस्थि पुढें ओदोरिकानें उचलून थेट चीनपर्यंत नेल्या. जॉर्डन मात्र या किनाऱ्यावरच राहिला. त्याचीं दोन पत्रें उपलब्ध आहेत. पहिलें 1321 च्या ऑक्टोबरांत घोघा बंदराहून लिहिलेलें आहे, व दुसरें त्यानंतर कांहीं काळानें ठाण्याहून. दुसऱ्या पत्रांत तो आपली स्थिति उघड करून सांगतो: चांच्यांच्या हातीं सांपडलों, तुरुंग पाहिला, निंदा झाली, भूक, तहान, आजार आणि दारिद्र्य सोसलें, आणि या सर्वांत एकटा आहें, कोणी बंधु पाठवा. हें पत्र वाचून आम्हांस विस्मय वाटला. जो दुसऱ्यांस मार्ग दाखविण्यास आला, तोच मला सोबती द्या म्हणून दूरदेशीं हात पसरतो. मजजवळ सर्व उत्तरें आहेत, असा आव त्यांत कोठेंहि नाहीं. 1329 सालीं पोपनें त्यास कोल्लमचा बिशप नेमिलें.

त्यानंतर पोर्तुगीज आले. त्यांनीं साष्टींत व वसईंत चर्चें बांधलीं आणि 1737 सालीं ठाणें व 1739 सालीं वसई मराठ्यांच्या हातीं गेल्यावर तें राज्य संपलें. युरोपीय पाद्री गेले व एतद्देशीय पुरोहितांवर भार पडला. तो काळ आम्ही येथें एका वाक्यांत ओलांडतों. फक्त एवढेंच नमूद करतों कीं गांवच्या पुरोहितासमोर पापनिवेदन करणारा पुरुष त्याच पुरोहितास बाजारांत, लग्नांत व मर्तिकांत भेटत असे. कोणाच्या घरांत काय चाललें आहे, हें सांगण्याची त्यास फारशी गरज पडत नसावी.

दुरून केलेल्या उपदेशानें मनुष्य पालटतो, हें मात्र नाकारतां येणार नाहीं. नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे काशींत वाढलेले चित्पावन ब्राह्मण. 1848 सालीं ते ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. पंडिता रमाबाईंनीं 1883 सालीं इंग्लंडांत वॉन्टेज येथें बाप्तिस्मा घेतला, त्या निर्णयांत गोऱ्ह्यांनीं हिंदुस्थानांतून लिहिलेल्या पत्राचा मोठा वांटा होता, असें बाईंनींच सांगून ठेविलें आहे. सात समुद्रांपलीकडून आलेल्या कागदानें जें साधलें, तें आजच्या पडद्यानें कां साधूं नये? परंतु हे गोऱ्हे स्वतः जन्मभर शंकांनीं पोळलेले होते. सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट या संघांत ते शिरले, पण अखेरपर्यंत उमेदवारच राहिले. शेवटचें व्रत त्यांनीं घेतलें नाहीं. त्यांच्या उपदेशाला धार आली ती या तळमळीमुळें, असें आमचें मत आहे. ज्याला स्वतःची खात्री फार स्वस्तांत मिळाली आहे, त्यानें दिलेला दिलासाहि स्वस्तच असतो, मग त्याचें शुल्क कितीहि असो.

नारायण वामन टिळकांचें उदाहरण याहून बोलकें आहे. 1893 सालीं आगगाडींत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार ठेविला व दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गृहस्थ कोण, हें टिळकांस कधींच कळलें नाहीं. असा घटकाभराचा गुरु हा फारच सुखी म्हणावयाचा! त्याच्या शब्दाचें फळ मात्र त्यास नव्हे, लक्ष्मीबाईंस भोगावें लागलें. पतीनें धर्म बदलल्यावर त्या कित्येक वर्षें माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या. पुढें परत आल्या आणि 1900 सालीं स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती झाल्या. 1917 सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेला वा न घेतलेला, ख्रिस्तास मानणाऱ्या कोणासहि तेथें मज्जाव नव्हता, आणि उपदेशाचें मोल घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. 1919 सालीं ते वारले.

टिळकांच्या अभंगांतून त्यांची भक्ति कळते. पण हा पुरुष कसा वाढत गेला, हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेलीं लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' वाचावीं. तेथें टिळक न सांगतां घरांतून निघून जातात, हातीं आलेला पैसा देऊन टाकतात, क्षणांत तापतात व क्षणांत निवतात. बाई त्यांच्यावर रुसतात, हंसतात आणि अपार प्रेम करतात. एकहि उणीव मात्र लपवीत नाहींत. एखाद्या साधकाचा इतका खरा जमाखर्च कोणा गुरूनें मांडल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. गुरूला शिष्य सांगेल तेवढेंच दिसतें. बायकोला न सांगतां दिसतें.

आमच्या स्नेह्यांस आम्ही यांतलें पुष्कळसें बोलून दाखविलें. त्यांस राग आला नाहीं. पडद्यावरचा मनुष्य भला आहे, आपला संताप त्याच्यामुळें पूर्वीपेक्षां कमी झाला आहे, असें ते म्हणाले. "पूर्वीपेक्षां कमी," एवढे दोन शब्द स्वयंपाकघरांतून पुनः ऐकूं आले. ते होकारार्थीं होते कीं कसे, हें आम्हांस उमगलें नाहीं. निघतांना आम्ही 'स्मृतिचित्रें' त्यांच्या हातीं दिलीं. त्यास आज दोन महिने होत आले. पुस्तक परत आलेलें नाहीं. चौकशी करतां तें वहिनींकडे आहे असें समजलें.