अफू इथे पिकते, मग मॉर्फिन कुठे गेलं?

संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज माझ्याच विषयातलं, उपशामक सेवेच्या म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या इतिहासातलं एक उदाहरण देते.

1986 साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत मांडली. तीव्र वेदनेला तोंडाने घ्यायचं मॉर्फिन, ही तिची शेवटची पायरी. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं. देशातलं हे पहिलं हॉस्पिस. शिवाय मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं, ती मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते आणि परदेशीही जाते. तरी पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 90 टक्क्यांहून अधिक घसरला. का?

उत्तर शोधायला आपण 1985 चा अंमली पदार्थांचा कायदा उघडतो. त्यात तर वैद्यकीय वापराला मुभा आहे! मी इथेच फसले होते. पहिल्या मसुद्यात 'कायद्याची अडचण नव्हती' असं लिहून मोकळी झाले होते.

मुभा कागदावर होती. पण मुख्य गुन्ह्यांना किमान 10 वर्षांची शिक्षा होती आणि अनेक राज्यांत एका औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत. नोंदीत चूक झाली तर? या धास्तीने दुकानांनी, रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. मग नव्या डॉक्टरांना ते वापरायची सवयच लागली नाही. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ कमी केलं, पण मोडलेली सवय कायद्याने परत येत नाही.

आता केरळ बघा. 1993 साली कोझिकोडला डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी उपशामक सेवेची संस्था उभी केली. पुढे राज्याचे नियम सोपे झाले, रुग्णांना घरी मॉर्फिन मिळू लागलं. केंद्राचा कायदा तोच, परिणाम वेगळा. अशी तुलना सापडली की प्रश्नाला धार येते.

न मिळालेल्या औषधाची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात नसते. म्हणून साठ्याच्या वह्या, परवान्यांचे अर्ज यांच्या जोडीला घरच्यांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. आणि एक सांगते, समोरची बाई आईच्या शेवटच्या रात्रींबद्दल बोलायला लागली, की प्रश्नावली बाजूला ठेवा. आधी ऐका.